आवक नोंद

तुडुमाची चावी तालुक्याला असायची,
उपविभागाच्या ऑफिसात, हिरव्या लाकडी फळीवर,
खिळा क्रमांक सतरा.
पंचायतीचा शिपाई म्हणून
अर्ज घेऊन एकोणीस वर्षं मीच गेलो.
तलाव आमच्या गावाच्या माथ्यावर,
पाळ आमच्या पणज्यांनी डोक्यावर माती वाहून घातलेली,
आणि पाणी सोडायचं तर बत्तीस किलोमीटर एसटीनं जाऊन
विचारायचं, साहेब आहेत का.

साहेब दौऱ्यावर असायचे.
धान पोटरीवर यायचं, साहेब दौऱ्यावर.
टोकाच्या बांध्यांना बोटं जातील एवढ्या भेगा,
साहेब नागपूरला मीटिंगला.
चावी मिळायची ती बहुतेक पाऊस येऊन गेल्यावर.

तरी खोटं कशाला बोलू,
त्या दिवसांत गावात भांडण नव्हतं.
पाळीजवळचे आणि टोकाचे, कोहळी आणि ढिवर,
सगळे एकाच पारावर बसून
एकाच माणसाला शिव्या द्यायचे.

यंदा जी.आर. आला.
तलाव गावाचा, तुडूम गावाचं,
पाणीपट्टीही गावानंच ठरवायची.
दुरुस्तीचा पैसा मात्र जिल्ह्यालाच राहिला,
ते मागच्या पानावर होतं, बारीक अक्षरात.
चावी मीच आणली. तीन प्रतींत सही केली.
खिळा क्रमांक सतरा रिकामा झाला तेव्हा
बाबू म्हणाला, "आता तुमचं तुम्ही पाहा."
आशीर्वाद होता की काय,
एसटी सुटली तरी कळलं नाही.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा.
सरपंच हेमलता गहाणे यांनी चावी टेबलावर ठेवली
आणि झाकल्या टोपलीकडे बघावं तसे सगळे बघत राहिले,
आत भाकर आहे की साप.

पहिलं पाणी कोणाला?
टोकाचा दशरथ लांजेवार म्हणाला, खालून वर या.
वरचे हसले, "पानी कधी खालून वर जाते का बापा?"
निरंजना मारबते उठली, ओल्या लुगड्यानिशी,
"तिसऱ्या पायरीखाली पानी न्याल
तं आमची मरळ, आमचा डाडक चिखलात मरते.
पायऱ्या मले अंधारातबी मोजता येतात."

आवाज चढले. नावं घेऊन बोलणं सुरू झालं,
मध्ये साहेब नव्हता ना.
कोणाच्या आज्यानं कोणाचा पाट फोडला
तेही निघालं.

आणि वीज गेली.

अंधारात कोणी बोललं नाही. खुर्च्या सरकल्या.
मी मोबाइलचा टॉर्च चाचपू लागलो तर सरपंचबाई म्हणाल्या,
"राहू द्या जी. थोडा वेळ."

वीज आली तेव्हा टेबलावर चार चाव्या होत्या.

एक मी आणलेली, पितळी बिल्ल्याची.
तीन बिनबिल्ल्याच्या, कानशीनं घासलेल्या:
एकीला ओली माती,
एकीला करदोड्याचा तुकडा,
एक पदराच्या गाठीत राहून राहून काळी पडलेली.

तर मग एकोणीस वर्षं मी कशाला जात होतो?
कोणत्या रात्री किती पाणी गेलं,
कोणाचं धान अर्जाशिवाय पिकलं,
हिशेब माझ्या ओठांपर्यंत आला.
मी तो गिळला. कडू होता.

बाईंनी विचारलं नाही, कोणाच्या.
प्रोसिडिंग माझ्यापुढे सरकवलं.
"लिहा. आवक: चाव्या, नग चार.
पाणी टोकापासून. तिसऱ्या पायरीवर बंद."
हात वर झाले. सगळे नाही.
पुरे पडतील इतके.

परतताना दुर्योधन लोहार भेटला,
आडोशाला बिडी पेटवत होता.
"किती निघाल्या?"
"तीन."
काडी बोटापर्यंत जळाली तरी तो बोलला नाही.
मग म्हणाला, "म्या पाच केल्या होत्या, गा."

सकाळी सहाला तुडूम उघडायचं आहे.
रजिस्टरात त्या नोंदीखाली
मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.