चालेल का

रोशन गांगुर्डेनं कॅबिनेटचं झाकण काढलं
आणि आधी फुंकर मारली.
चौदा वर्षांची धूळ उठली
जेल रोडच्या आमच्या हॉलमध्ये.
आत एक वाळलेली पाल, कागदाइतकी पातळ,
आणि प्रोसेसरच्या पंख्याला
उदबत्तीचा जुना वास.

मी विचारलं, नवी सिस्टीम चालेल का याच्यावर?

काका, तो म्हणाला,
चालेल आणि चालेलमध्ये फरक असतो.

हे हा मला सांगतो.
एकतीस वर्षं मी नोटांच्या प्रेसमध्ये
उभ्यानं ताव तपासले.
अंगठ्यानं कोपरा उचलायचा, ताव पडता पडता बघायचा,
शाई फुटली, आकडा सरकला,
नाही चालणार. लाल पेन्सिल.
बाकी सगळं, चालेल.
त्या एका शब्दावर कागद देशभर फिरायचा.
घरी ही विचारायची, मुगाची खिचडी चालेल?
मला उत्तराला वेळ लागायचा.

तपासणीचा प्रोग्राम लावला.
मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं.
मग एका ओळीत निकाल:
हा संगणक पात्र नाही.

का ते रोशननं सांगितलं.
बोर्डावर एक चिप लागते, सुरक्षेची.
तुमच्या नोटेत धागा असतो ना, तशी.
ती नसली की नवी सिस्टीम
मशीनला खरं मानत नाही.

मी मशीनकडे पाहिलं.
पोरीच्या बारावीला घेतलेलं,
शालिमारच्या गल्लीत समोर बसून जोडून घेतलेलं.
सोसायटीच्या अठ्ठेचाळीस फ्लॅटचा मेंटेनन्स
याच्या पोटात, पैशापैशाचा.
खोटं म्हणून ते कधी वागलं नव्हतं.

जावयाचा हिंजवडीहून फोन,
बाबा, भंगारात द्या, लॅपटॉप पाठवतो.
चांगला आहे तो मुलगा.
त्याला मी सांगितलेलं नाही
की आमच्या खात्यात कॅमेऱ्याचं मशीन आलं तेव्हा
मला शेवटची तीन वर्षं पॅकिंगला बसवलं होतं.
बसवलं होतं.
भंगारात दिलं नव्हतं.

रोशन म्हणाला, दुसरी एक सिस्टीम आहे,
फुकट आहे, हलकी आहे,
अंगापेक्षा बोंगा नाही.
फक्त रॅम वाढवू. या जातीची नवीन येत नाही आता,
जुनी शोधावी लागेल.
दुसऱ्या दिवशी साडेचारशेत घेऊन आला,
वर्तमानपत्रात गुंडाळून, बोंबलासारखी.

पट्टी सरकत होती. आम्ही चहा घेतला.
सत्तर टक्क्यांवर लाइट गेली,
यूपीएस बोंबलू लागला,
रोशननं देवाचं नाव घेतलं
आणि मी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
मशीनला म्हणालो, चल रे.

चाललं.
डॉट मॅट्रिक्ससुद्धा चर्रर्र करून बोलला.
पण पावतीवरची नावं!
जुन्या फॉन्टची अक्षरं नव्या सिस्टीमला कळेनात,
सगळीकडे कावळ्याचे पाय.
आकडे तेवढे शाबूत.
कोणाकडे किती बाकी ते दिसत होतं,
कोण ते दिसत नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी
मी एकेक नाव पुन्हा लिहितो.
अ-७ पगारे.
ब-४ निकुंभ, हे गेले, मुलाचं नाव लावायचं राहिलंय.
ब-९ फर्नांडिसबाई, फ्लॅट बंद, बाई गोव्याला,
बाकी शून्य, नेहमीप्रमाणे.
नव्या कीबोर्डावर क्ष कुठे असतो
ते मला अजून सापडलेलं नाही.
क्षीरसागर शेवटी घेईन.

क-११ कुलथे लिहितोय.
ही आतून विचारते, खिचडी चालेल?
पंखा जरा वेगळा वाजतोय आज.
थांब, म्हणतो,
ऐकून सांगतो.