समास

गुनवोर हेडलुंडची पहिली प्रश्नावली
अजून माझ्यापाशी आहे. सायक्लोस्टाइल, जांभळी शाई,
कोपऱ्यात कॉफीचा डाग. तो माझा.

उमेओ, १९७४ चा फेब्रुवारी.
प्रश्न अकरावा: म्हातारपणी माणसाची काळजी
सरकारने घ्यावी, की घरच्यांनी?
उत्तरं एक ते पाच.
आठ म्हणजे "सांगता येत नाही".

ती दारोदार जायची, करवतगिरण्यांच्या वस्त्यांतून,
गुडघाभर बर्फातून, बगलेत फायली घेऊन.
मी तळमजल्यावर बसून
आलेल्या माणसांचे आकडे करायचे.
आकडा झाला की माणूस निमूट बसतो
आपल्या रकान्यात, पाय जवळ घेऊन.

पण गुनवोर समासात लिहायची. पेन्सिलीनं, बारीक.
"पाच म्हणाली, पण आधी नवऱ्याकडे पाहिलं."
"तीन. घरातही कोट घालून बसला होता."
"उत्तर नाही. बटाटे सोलत राहिली.
निघताना चार बटाटे माझ्या पिशवीत टाकले."

मी विचारलं, बटाट्यांना कोड कोणता?
ती हसली नाही.
म्हणाली, समास मोजायचा नसतो,
खोडायचाही नसतो.

मग पुस्तकं झाली, आलेख झाले,
स्टॉकहोमहून फोन येऊ लागले.
कर कमी करा म्हणणारीच माणसं
पुढच्या पानावर म्हणत होती:
बाळंतिणीचा वॉर्ड चालू ठेवा, शाळेतलं जेवण ठेवा,
आईला आंघोळ घालायला येणारी बाई
आठवड्यातून दोनदा तरी पाठवा.
एक मंत्री वैतागून म्हणाला,
लोकांना हवंय तरी काय?
गुनवोर म्हणाली, तुम्ही विचाराल ते.

त्याण्णव साली वॉर्ड बंद झाले.
तिच्या आलेखातली रेघ मात्र आडवीच राहिली,
आजारी माणसासारखी, पण जिवंत.
परिषदांमध्ये लोक म्हणाले, ही नुसती सवय आहे,
मत नव्हे.
ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बसनं
बटाटेवालीच्या गावी गेली.
दार उघडलं ते दुसऱ्याच कुणीतरी.

माझ्या भाषेत वहीच्या कडेच्या कोऱ्या पट्टीला
आणि जोडून एक केलेल्या दोन शब्दांना
एकच नाव आहे.
हे मी तिला एकदा सांगितलं होतं.
त्यांच्याकडेही एक जुना जोडशब्द आहे,
लोक आणि घर मिळून झालेला,
आख्खा देश त्यात राहायचा.
आता विग्रह करा: लोकांचं घर?
की लोकांसाठी घर?
षष्ठी, की चतुर्थी?
चाळीस वर्षं ती हेच तर विचारत होती,
दर वेळी शब्द थोडे हलवून.
बराच वेळ गप्प राहून म्हणाली,
तुमच्या शाळेत हे पोरांना विचारतात?
दोन मार्कांना, मी म्हणाले.

परवा तिला भेटायला गेले. नगरपालिकेचं वृद्धालय,
खिडकीबाहेर भुर्जाची चार झाडं.
तेवढ्यात एक मुलगा आला, तूरे नावाचा,
हातात टॅब्लेट, ओले बूट दारात काढलेले.
सर्वेक्षण होतं. पाच मिनिटं लागतील म्हणाला.
त्याला काय माहीत कुणासमोर बसलाय.

त्यानं वाचलं: म्हातारपणी माणसाची काळजी
सरकारने घ्यावी, की घरच्यांनी?

गुनवोरनं डोळे मिटले.
"त्यातला तो 'की' काढ.
तो मीच घातला होता. चुकलं माझं."

तो गोंधळला. पर्याय पाचच आहेत म्हणाला,
आणि 'सांगता येत नाही'.
"मग आठ," ती म्हणाली,
आणि तिचा हात गादीवर पेन्सिल शोधत राहिला.
मी पाहिलं, पडद्याला कडेला जागाच नव्हती.

मुलगा उठला, बूट घालू लागला.
तिनं विचारलं, जेवलास का रे?

त्याचं बोट काचेवर अधांतरी थांबलं,
हे कुठे भरायचं ते न कळून.