ङ चं गिऱ्हाईक

पापाची तिकटी ते गंगावेश
दोन रविवार मी वर बघत चालले
आणि तीनदा ठेचकाळले.
फोनमध्ये पाट्याच पाट्या : चपला, शिलाई मशीन,
दाताचा दवाखाना, बँडवाला.
सगळ्यांच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं,
'दस्तगीर आर्ट्स'.

ळ मिळाला गुळाच्या अडत्याकडं,
डावं पोट लहान, उजवं सुटलेलं,
जेवून उठलेल्यानं पट्टा सैल करावा तसा.
क पंक्चरच्या दुकानावर, एक पाय मागं टेकून.
आणि 'कोल्हापूर'मधला तो ल्ह,
ल नं ह ला स्कूटरवर मागं घेतलंय असा,
त्यात माझे नऊ दिवस गेले.

चाचा स्क्रीनकडं बघत राहिले, चष्मा कपाळावर.
"तीन र टाक बघू, पोरी, शेजारीशेजारी."
टाकले.
"ही काय परेड हाय व्हय?
एका आईची असली म्हणून
पोरं एकाच उंचीची असत्यात?"
"तीन तऱ्हा करतो, चाचा. आपोआप बदलत जातील."
"चार कर. एक बिघडलेला पायजे.
बिघडलेला बघूनच गिऱ्हाईक पाटी वाचतंय."

मग मी सांगितलं, हा फॉन्ट मोठ्या अक्षरांसाठी,
पाटी, पत्रिका, टेंपोची पाठ.
याच्यात कोर्टाचा कागद लिहायचा नाही,
दहाव्याचं पत्र तर नाहीच.
"का? मेलेला माणूस हसरा असला तर?"

ती ओळ मी माहितीपत्रकातून काढली.

तक्त्यात शेवटी दोनच घरं रिकामी,
ञ आणि ङ.
"चाचा, हे कुठल्या पाटीवर मिळतील?"
"कुठंच न्हाई. बेचाळीस वर्सं झाली,
ङ चे पैसे घेऊन कोण आलंच न्हाई."

ञ त्यांनी बोलता बोलता उरकला.
ङ साठी मात्र नवं वर्तमानपत्र अंथरलं,
डबा स्क्रू ड्रायव्हरनं उघडला, वरची साय बाजूला केली,
सहा नंबरचा ब्रश तळहातावर फिरवला.
पहिला ङ नुसता ड झाला. दुसरा घसरला.
तिसऱ्याला, टिंब द्यायच्या आधी,
ते एवढे थांबले
की थेंब ब्रशवरून आपणच उतरला,
जरा लांब, जरा खाली,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तितंच बरा हाय."

आता राजारामपुरीत केकच्या दुकानावर,
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकावर,
आइस्क्रीमच्या गाडीवर
तो बिघडलेला र दिसतो, मान वाकडी करून.
एकदा मी गाडीवाल्याला म्हटलंसुद्धा,
अक्षर झकास आहे हं.
तो म्हणाला, कंप्युटरचं आहे.

ङ ला अजून गिऱ्हाईक नाही.
रात्री फाईल बंद करायच्या आधी
मी तो एकदा टाइप करते, बाराशे पॉइंटात.
पडद्यावर मावत नाही.
टिंब बाहेरच राहतं.