साडेचौदा मिलिमीटर

पत्र बॅरोहून आलं. अनोळखी माणसाचं.
अक्षर ड्रॉइंगच्या कागदावरचं, प्रत्येक शब्द एका उंचीचा.
‘बाईसाहेब, एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जुलैत
तुमची उंची किती होती?’

खाली सही : डेझमंड पिकथॉल, वय एकोणऐंशी.
सोबत माझाच फोटो. कुठून मिळवला कोण जाणे.
फॅसलेनचा धक्का, कुटुंबांसाठी खुला दिवस,
पाणबुडीच्या पाठीवर मी, बाबांचं बोट धरून,
मागे तिचा फिन, टोकावर एक ओला पक्षी.

त्याचं म्हणणं असं,
की असल्या पाणबुडीचे खरे नकाशे कुणी देत नाही.
पुस्तकांतले नकाशे एकमेकांवरून काढलेले,
एकाची चूक दुसऱ्याच्या घरी नांदते.
पंखा तर कुठल्याच फोटोत नाही,
गोदीत घेतली की शेपटीवर ताडपत्री.
झाकली मूठ.
तेव्हा मोजपट्टी म्हणून उरले मी.
मी केवढी ते कळलं तर फिन केवढा ते कळेल,
फिनवरून बाकीची सगळी.

हेलन्सबरोचं घर विकून वीस वर्षं झाली.
चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणांवर
आता कुणाचे तरी दोन हात पांढरे.
पण आईची वही माझ्याकडे होती.

बाबा पाण्याखाली असले की
आठवड्याला चाळीस शब्द पाठवता यायचे.
फक्त पाठवता. पाणबुडी ऐकते, बोलत नाही.
आजारपण लिहायचं नाही, मरण तर नाहीच,
लिहिलं तर मधला कुणी खोडायचा.
आई ओट्याशी उभी राहून बोटांवर शब्द मोजायची,
‘प्रेम’ शेवटी, जागा उरली तर.
जूनचा अखेरचा आठवडा :
‘बॉयलर दुरुस्त. मांजरीला चार पिल्लं.
लोर्ना तीन फूट पाच इंच.’
त्या आठवड्यात प्रेमाला जागा उरली नव्हती.

कळवलं. चौथ्या दिवशी उत्तर :
‘सगळी पुस्तकं सात इंचांनी चुकली आहेत.
अडीच मिलिमीटर कानशीने उतरवले. आभारी आहे.’

ऑक्टोबरात गेले बघायला.
वॉल्नी बेटावर एकाला एक चिकटलेली घरं,
त्यातल्या एकाच्या मागच्या खोलीत
दोन टेबलं जोडून तिला निजवलेली.
बहात्तराव्या हिश्श्यात ती सहा फुटांची भरली होती.
बाबा तेवढेच होते.

काळा रंग काळा नसतो, पिकथॉल म्हणाला,
त्यात बाटलीचा हिरवा, थोडा तपकिरी,
आणि समुद्राने खाल्लेला राखाडी. चौदा हात दिलेत.
मी वाकून वास घेतला. नुसतं व्हार्निश.
बाबा परतायचे तेव्हा डिझेल आणि तळणाचं तेल यायचं,
आई कपडे दोनदा धुवायची, तरी यायचं.

‘आत काय आहे?’
‘फोम,’ तो म्हणाला.
‘बावीस वर्षं मी आतलेच पाइप जोडले.
त्याबद्दल सही करून दिलेली आहे.
बाहेरचं तेवढं करतो.’
आणि शेपटीवर त्याने ताडपत्रीच केली होती,
बायकोच्या जुन्या रुमालाची, डिंकाने ताठ,
काठाला शिवणाचा दोरा ओवून.
जे दिसलं नाही ते करायचं नाही, असा त्याचा नेम.

निघताना त्याने काडेपेटी दिली.
आत कापसावर मी.
साडेचौदा मिलिमीटर, पितळेची, तोंडावर नाकडोळे नाहीत.
‘मापाला केली होती. आता काम झालं.’

परतीच्या गाडीत, उपसागराच्या चिखलाकडे पाठ करून,
फोटो पुन्हा काढला, चष्मा पुसला.
बाबांचं बोट उंच होतं.
दोराच्या वेटोळ्याआड माझ्या टाचा,
नीट पाहिलं तर,
दीडेक इंच वर उचललेल्या.

म्हणजे पुस्तकंच बरोबर असतील.
पिकथॉलला हे कळवलेलं नाही.
आमच्या घरात कुणी काही सांगत नसे,
मीही त्याच घरातली.