टाचणी

नेरुळला, चौथ्या मजल्यावर,
डोळे मिटायला लावून डॉक्टरीणबाई विचारतात,
"टोकेरी की बोथट?"
मी म्हणतो, टोकेरी.
टाचणी अजून ट्रेमध्येच असते.

कमरेच्या हाडातली मज्जा काढली
(ह्या शब्दाला पोर खुदकन हसली),
तिच्यातल्या पेशी मणक्यात सोडल्या.
किंवा नुसतं मिठाचं पाणी.
कुणाला काय, ते कंप्युटरनं चिठ्ठ्या काढून ठरवलं.
सही माझी: हिरामण भोईर,
परांचीवरून पडलेला रंगारी.

दिवाळे गावात, रात्री,
सुगंधा बोंबील साफ करून येते
आणि तसेच हात
माझ्या पावलांवर ठेवते. विचारत काही नाही.

"गार," मी म्हणतो.

ती हात काढत नाही.
माझे डोळे उघडे होते का
तेही बघत नाही.