रिकामं वजन

डॉक्टर बुत्तिजीज दातांचे.
ट्रकला हात लावण्याआधी साबणाने हात धुतात.
गराजमध्ये एसी आहे, ट्रकसाठी.
माझ्यासाठी एक स्टूल
आणि कडू संत्र्याचं गार सरबत.

बेडफर्ड. साल एकसष्ट.
झुर्रीएच्या एका शेतात निवडुंगाच्या कुंपणाआड सापडला,
केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या.
तीन वर्षं लागली त्यांना:
गिअरबॉक्स सायप्रसहून,
पुढची काच इंग्लंडातल्या कुणा विधवेकडून,
आणि रंगाचे इतके थर
की बॉनेटमध्ये मला माझं तोंड दिसतं.
ते बघायला काही मी आलो नव्हतो.

मी आलोय अक्षरं काढायला.
पहिल्यांदाही मीच काढली होती,
वय एकोणीस, खारीच्या शेपटीचा ब्रश,
समोर ओर्मीचा विस्टिन उभा,
भुवयांवर दगडाची पिवळी भुकटी,
म्हणाला, लिही चेन्सू, सान जोर्ज,
आमच्या गावचा संत आहे, मोठं लिही.

आमच्या लिपीत ग वर टिंब दिलं की त्याचा ज होतो.
पहिलं टिंब मी दिलं.
दुसऱ्याच्या वेळी
समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं.
तेव्हापासून ट्रक झाला सान जोर्ग.
आठवड्याभरात विस्टिनही जोर्ग झाला,
खाणीत, दारूच्या गुत्त्यात, पाद्रीबुवांच्या तोंडी,
आणि शेवटी मृत्यूच्या सूचनेत, कंसात.
टिंब देतो म्हणून मी डबा घेऊन दोनदा गेलो होतो.
राहू दे, म्हणाला. आता ओळखतात मला.

डॉक्टरांकडे जुना फोटो आहे, भिंग आहे.
सगळं तसंच हवं, म्हणतात,
चूकसुद्धा.
मी हसलो. एकोणिसाव्या वर्षी जे आपोआप झालं
ते ब्याऐंशीव्या वर्षी मुद्दाम करायचं,
कापऱ्या हाताने, काठीचा टेकू घेऊन.
दुपारभर श्वास धरून शेवटच्या ग पर्यंत आलो
आणि ब्रशातून एक थेंब निसटला,
बरोब्बर डोक्यावर.
साठ वर्षांनी टिंब पडलंच.
डॉक्टर फोनवर होते.
मी तेलाच्या फडक्याने पुसून टाकलं.

रविवारी त्यांनी मला शेजारी बसवून
सिज्जीवीच्या रस्त्याला घातला ट्रक.
बाप रे.
खड्डा कसला, पांढऱ्या पट्ट्यावरूनसुद्धा उडत होता.
माझी कवळी, त्यांनीच बसवलेली,
टाळ्यापासून सुटली.
पाटे कडक झालेत, ते म्हणाले, नवे मागवतो.

पाटे ठीक आहेत, डॉक्टर.
पाच टनाखाली वाकायचं एवढंच शिकलेत ते.
मागे काहीच नसलं
की त्यांना कळत नाही काय करायचं.

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मीही कवळी बसवत होतो.

विस्टिनची खाण आता लिंबाची बाग आहे,
तळाशी टेबलं मांडतात, लग्नं होतात.
म्हणून दगड आणले पाडलेल्या एका घराचे,
लोण्याच्या रंगाचे, दोनशे.
त्यातल्या एकावर कुणा पोराने
खिळ्याने बोट कोरली होती.
ताडपत्री घट्ट बांधली. प्रदर्शनात
लोक विचारत होते, हा एवढा शांत कसा चालतो?
डॉक्टर छान खोटं बोलतात. दुखणार नाही म्हणतात तसंच.

एक ओळ राहिली होती, दाराखालची, कायद्याची.
जुन्या सगळ्या गाड्यांवर असायची.
ती मी कालच काढली, गुडघ्यावर बसून:
रिकामी, दोन टन पंधरा हंड्रेडवेट.
विस्टिनच्या काळी ही ओळ कोणी वाचत नसे,
तो रिकामा कधी दिसलाच नाही.
मागे ताडपत्रीखाली दगड होते,
वर रंग ओला होता,
आणि उठताना आधार म्हणून
मी चाकाला हात लावला.
धुतलेला नव्हता.