पानाची पाठ

झुडूप पिवळं पडलं तेव्हा मला वाटलं, तहान.
तीन आठवडे बादल्या ओतत राहिलो मुळाशी,
सामेग्रेलोच्या ओल्या उन्हाळ्यात,
जिथे कुंपणाच्या खांबालासुद्धा पालवी फुटते.
शेवटी म्झेकाला आली, फाटकाची कडी न वाजवता.
"ओतिया, बुडालेल्याला पाणी पाजतोस?"
आणि तिने ब्झाच्या फांद्या बाजूला सारल्या,
केसांत उवा बघाव्या तशा.

आत जाळं. जाळ्यात हिरवट भुसा.
भुशात ती अळी, पोपटी, काळ्या पट्ट्यांची,
डोकं काळं, चकचकीत,
शाळेचा गणवेश घालून आल्यासारखी नीटनेटकी.
"ही आपल्यातली नाही," म्झेकाला म्हणाली.
"कुणाच्या तरी शोभेच्या कुंडीत बसून आली.
पाखरांनाही अजून ओळख नाही हिची."

मग शिकवणी.
पान उलट. पाठीवर फिकट पिवळी अंडी,
माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक. नखाने काढ.
जुनी चादर अंथर, खोड हलव,
पडतील त्या साबणाच्या पाण्यात.
ऊन उतरलं की बॅक्टेरियाची पूड कालवून फवार,
आतून, खालून. वरवर फवारतो तो आळशी.
दहा दिवसांनी पुन्हा,
घरात धाकटी भावंडं असतात.
आणि रात्री दिव्याशी पांढरा पतंग आला,
पंखांना तपकिरी काठ,
तर सुंदर म्हणू नकोस. मार.

मी म्हणालो. मग मारला.

डोंगरावरच्या ब्झाच्या रानाखाली
कुणी चादर अंथरली नाही.
तिथे राखाडी काटक्या, त्यांवर लोंबतं शेवाळ.
माझी पाच झुडपं होती, दोन उरली,
साल शाबूत होती म्हणून.

एप्रिलात झावळ्यांचा रविवार.
आमच्याकडे झावळ्या कुठल्या,
आम्ही ब्झा नेतो चर्चमध्ये, पूर्वी काखेत मावेना इतका.
यंदा म्झेकालाने एकच डहाळी तोडू दिली,
तीही कात्री स्वतःच्या हातात ठेवून.

पाद्र्याने पाणी शिंपडलं. सगळ्यांनी माना झुकवल्या.
मी पान उलटून बघितलं,
सवयच ती आता.
शेजारी उभ्या नाझिब्रोलानेही उलटलं होतं.
तिच्या पानावर काहीतरी होतं.
ओठ प्रार्थना म्हणत होते,
आणि अंगठ्याचं नख
हळूहळू खरवडत होतं.